गोसीखुर्दची जेट्टी बांधण्यापूर्वी : एक खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, भंडारा;
विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, दिव्यांग कल्याण विभाग, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, तसेच गोसीखुर्द जलाशयावरील जलपर्यटनाचे नियोजन करणारे सर्व अधिकारी.

विषय : जलपर्यटनाच्या आराखड्यात अपंग व्यक्तींसाठी शिडाच्या लहान बोटी, चढउताराची सोय आणि शर्यती यांचा समावेश करण्याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

वैनगंगेच्या काठावरच्या ज्या गावात माझा जन्म झाला आणि जिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पुढे अनेक वर्षे शिकवले, ते गाव आज गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा कुबड्या घेऊन मी त्या गर्दीत उभा होतो. आता चाकाच्या खुर्चीत बसून त्याच पाण्याकडे पाहतो. दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला आणि साठी ओलांडताना कुबड्यांनीही साथ सोडली. ही ओळख एवढ्यासाठीच की पुढे जी मोजमापे आणि अडचणी सांगणार आहे त्या अंगावर आलेल्या आहेत. या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प आकाराला येत आहे. त्यासाठी जेट्ट्या, बोटी आणि मनुष्यबळ यांची आखणी होईल, आणि अशा आखणीत आमचा विचार झालाच तर तो उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात, रंगकाम चालू असताना होतो, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणून काँक्रीट ओतले जाण्यापूर्वी हे पत्र लिहीत आहे.

आमची मागणी आम्हाला बोटीत बसवून फिरवून आणावे अशी नाही. तसे फिरवणे वर्षातून एकदा, ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनाला, कुठे ना कुठे होतच असते. हार घातले जातात, फोटो निघतात आणि ४ डिसेंबरला सगळे आपापल्या घरी असतात. आम्हाला सुकाणू हवे आहे. शिडाच्या लहान बोटी, त्यांत स्वतःच्या बळावर किंवा थोड्या मदतीने उतरता येईल अशी जेट्टी, बोट चालवायला शिकवणारी माणसे, आणि अपंग व अपंग नसलेले एकाच ओळीतून सुटतील अशा शर्यती, एवढे या पत्रात मागितले आहे. (सरकारी भाषेत आम्हाला दिव्यांग म्हणतात, हे मला ठाऊक आहे, पण माझ्या आईने आणि गावाने जो शब्द वापरला तोच मी वापरतो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.)

पाण्याशी माझी ओळख धरणाच्या आधीची आहे. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक मामा तलाव होता. बाहेरच्या अधिकाऱ्यांसाठी सांगायचे तर मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला. त्या तलावात एक ढिवर काका डोंग्यातून जाळे टाकत. मी नऊ वर्षांचा असेन. पाळीवर बसून रोज पाहत असे. एके दिवशी त्यांनी मला उचलले आणि डोंग्याच्या तळाशी ठेवले. मी घाबरून पाय सावरू लागलो तर म्हणाले, "डोंग्यात पाय नाई लागत गा पोरा, हात लागतेत." थोडे पुढे गेल्यावर बांबू त्यांनी आपल्याकडे घेतला आणि हातवल्हे माझ्याकडे दिले. शाळेत मी सर्वांत मागे बसणारा, खेळाच्या तासाला दप्तरे सांभाळणारा मुलगा होतो. त्या दिवशी डोंग्याचे तोंड माझ्या मनगटाच्या हालचालीने वळले, आणि चुकीच्या बाजूला वळले तेव्हा शिवीही मलाच बसली. ती शिवी मला अजून आठवते, कारण तोवर माझ्या चुकीबद्दल मला कोणी शिवी दिली नव्हती. सगळे कीवच करत.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, नातवंडांबरोबर विदर्भातल्याच एका तलावावर नौकाविहाराला गेलो होतो. पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. मी वरून मोजल्या, ४२ भरल्या. कठडा एका बाजूला होता आणि तोही मध्येच संपत होता. तिकीट खिडकीवरच्या मुलाने माझ्याकडे पाहून इतर चौघांची तिकिटे फाडली आणि अतिशय अदबीने सांगितले की, "आजोबा, तुम्ही वर सावलीत बसा, अपंगांना बोटीत घ्यायला मनाई आहे." अशी मनाई कुठे लिहिली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या साहेबालाही नव्हते. दोघेही वाईट माणसे नव्हती. साहेबांनी मला चहा पाजला. पण ४२ पायऱ्या बांधताना ज्याने नियम लिहिला नव्हता, त्याने तो पायऱ्यांमध्ये बांधून ठेवला होता. गोसीखुर्दला हेच पुन्हा होऊ नये, ही माझी पहिली काळजी आहे.

आता बोटीकडे येतो, कारण 'अपंगांसाठी शिडाची बोट' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक तर कोकणातले गलबत उभे राहते किंवा अपघात. शिडाची कोणतीही बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. वारा जिकडून येतो त्या दिशेच्या दोन्ही अंगांना साधारण ४५ अंशांपर्यंतचा पट्टा तिला वर्ज्य असतो. वाऱ्याकडे जायचे तर नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक वळणावर शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते. नेहमीच्या लहान शर्यती बोटीत त्याच क्षणी चालवणाऱ्याला डोके वाकवून, पाय रोवून, अंगाचे सगळे वजन पलीकडच्या काठावर फेकावे लागते, नाहीतर बोट उलटते. आमच्यासारख्यांची अडचण नेमकी तिथे येते, वाऱ्याची समज किंवा हिशेब यांत नाही. मग ज्यांनी हा प्रश्न मनावर घेतला त्यांनी माणसाला व्यायाम सांगितला नाही, बोट बदलली. ऑस्ट्रेलियातील ख्रिस मिचेल यांनी आरेखित केलेल्या 'हान्सा' वर्गाच्या बोटींत चालवणारा तळाशी, कापडी बैठकीत, समोर तोंड करून बसतो आणि संपूर्ण फेरीत जागा बदलत नाही. सुकाणू त्याच्या पुढ्यातल्या दांडीने फिरते, शिडाचे दोर हाताशी येतात, आणि आडवा दांडा डोक्याच्या वरून जातो. बोटीच्या पोटातून पाण्यात उतरणाऱ्या पात्याच्या टोकाला वजन असते, त्यामुळे बुडाशी माती भरलेली बाहुली ढकलली तरी उभी राहते तशी ती कलते आणि परत सरळ होते. वारा वाढला तर शीड डोलकाठीभोवती चटईसारखे गुंडाळून लहान करता येते. या वर्गातली '३०३' ही बोट नावाप्रमाणे ३.०३ मीटर लांब आहे आणि तीत एकट्याने किंवा दोघांनी बसता येते. हीच बोट घ्या असा माझा हट्ट नाही. या तत्त्वावर फायबरची बोट आपल्याकडेही बांधता येईल. पण तिचे चित्र पाहिले तेव्हा मला ढिवर काकांच्या डोंग्याचा तळ आठवला, हे नमूद केलेच पाहिजे.

कोणत्या अपंगत्वाला हे जमेल, असा प्रश्न बैठकीत नक्की विचारला जाईल. हिलरी लिस्टर नावाच्या ब्रिटिश बाईंना मानेखाली हालचाल उरलेली नव्हती. नळ्यांमधून श्वास ओढून आणि फुंकून सुकाणू व शीड हलवण्याची जोडणी त्यांच्या बोटीत केलेली होती. २००५ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी एकटीने पार केली आणि २००९ मध्ये ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. अंध नौकानयनपटूंच्या शर्यती आवाज करणाऱ्या बोयांभोवती, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणांभोवती होतात. दिसत नसलेल्या माणसाला वारा गालावर आणि मानेवर कळतो, आणि डोळस नवशिक्याला जो शिडाकडे टक लावून बसल्याने उशिरा कळतो तो त्याला आधी कळतो. ज्यांना दिसत नाही ते पाण्यात काय करणार असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर आपल्या विदर्भाच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते, एवढे सांगून पुढे जातो. कर्णबधिरांच्या बाबतीत तर या खेळाचे नियम आधीपासूनच समजूतदार आहेत : शर्यतीची सुरुवात झेंड्यांनी होते, भोंगा किंवा बार ही नुसती सोबत असते, आणि भोंगा वाजला नाही तरी वेळ झेंड्यावरूनच धरली जाते. कोणत्याही विशेष सवलतीशिवाय कर्णबधिर मुलगा इतरांच्या बरोबरीने सुटू शकतो असे मैदानी खेळ मला फारसे आठवत नाहीत.

जागतिक पातळीवरचा इतिहास आपल्याला उपयोगाचा आहे, विशेषतः त्यातला दुखरा भाग. नौकानयन १९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आले, २००० च्या सिडनीत त्याला पदके मिळाली आणि २०१६ च्या रिओपर्यंत ते टिकले. २००८ पासून एकट्याची बोट, दोघांची बोट आणि तिघांची बोट असे तीन प्रकार असत. तिघांच्या बोटीचा नियम मला फार आवडतो. प्रत्येक खेळाडूला अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार १ ते ७ गुण दिलेले असत, जितके अपंगत्व तीव्र तितके गुण कमी, आणि तिघांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नसे. म्हणजे तीन धडधाकट वाटणारे निवडून संघ उभा करायची सोयच नव्हती; ज्याला जास्त अडचण आहे तो संघाला हवाच असे. आमच्याकडच्या क्रीडा स्पर्धांत सौम्य अपंगत्वाचीच मुले पुढे नेली जातात आणि तीव्र अपंगत्वाची मुले टाळ्या वाजवायला उरतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नियमाचे मोल कळेल. पुढे २०१५ मध्ये टोकियोच्या कार्यक्रमातून हा खेळ वगळण्याचे ठरले. कारण असे दिले गेले की तो जगात पुरेसा पसरलेला नाही. ते कारण खोटे नव्हते. श्रीमंत देशांच्या क्लबांमध्ये बोटी होत्या. आपल्यासारख्या देशांत तलाव होते, माणसे होती, बोटी नव्हत्या. खेळ पुन्हा पॅरालिम्पिकमध्ये यावा म्हणून जगभर खटपट चालू आहे, आणि एखाद्या खेळाचे जागतिक भवितव्य भंडारा जिल्ह्यातल्या जेट्टीवर थोडेसे अवलंबून असावे, ही गोष्ट मला गमतीची वाटते, पण ती खरी आहे.

शर्यत कशाला, नुसते शिकवले तरी पुरे, असे एका परिचित अधिकाऱ्यांनी मला तोंडी सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु शिकलेल्या माणसाला कुणाच्या तरी पुढे जायचे नसेल तर तो चार महिन्यांत कंटाळतो आणि बोटी शेडमध्ये पडून राहतात. व्यायामशाळेच्या साहित्याचे काय होते हे आपण गावोगाव पाहतो. शर्यतीला फार काही लागत नाही. पाण्यात नांगरलेली तीन रंगीत पिंपे, किनाऱ्यावर झेंडे लावायची काठी, एक घड्याळ आणि ओरडा सहन करणारा एक पंच एवढ्यावर ती होते. अट एकच असावी : अपंगांची शर्यत आणि इतरांची शर्यत असे दोन फलक लावू नयेत. सगळे एकाच प्रकारच्या बोटीत तळाशी बसलेले असतील तर पायांचा प्रश्न निकालात निघतो आणि वारा कोणी आधी ओळखला एवढेच उरते. दामियाँ सेगँ या फ्रेंच खेळाडूला जन्मतः डावा पंजा नाही. २००४ मध्ये त्याने अथेन्सला पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले, आणि दुसऱ्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या एका शर्यतीच्या आयोजकांनी हाताकडे पाहून त्याला प्रवेश नाकारला. तोच माणूस २०२०-२१ मध्ये 'वाँदे ग्लोब' या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ३३ स्पर्धकांतून सातवा आला. तिकीट खिडकीवरच्या त्या मुलाची मला इथे पुन्हा आठवण होते.

समुद्र नाही म्हणून आपल्याकडे शीड कसले, हा आक्षेप शेजारच्या राज्याने केव्हाच मोडीत काढला आहे. मध्य प्रदेशालाही समुद्र नाही. तरी भोपाळच्या बड्या तलावावर शिडाच्या बोटी शिकवल्या जातात, आणि तिथे तयार झालेल्या, देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नौकानयनाचे रौप्यपदक आणले. त्याच वर्षी त्याच शहरातल्या पॅरा आशियाई स्पर्धेत प्राची यादव पॅरा कनू, म्हणजे अपंगांच्या वल्ह्याच्या होड्यांच्या शर्यतीत, सुवर्णपदकाची मानकरी ठरली. ती ग्वाल्हेरची, सराव भोपाळच्या पाण्यावर. भोपाळचा तलाव राजा भोजाच्या नावावर सांगतात. आमच्याकडे नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींच्या नावावर आहे, शेकडो मामा तलाव आहेत, घोडाझरी आहे, असोलामेंढा आहे, इटियाडोह आहे, आणि अकरा किलोमीटरहून लांब भिंतीमागे अडवलेली वैनगंगा आहे. पाण्यावाचून आपले काही अडलेले नाही.

खरी अडचण पाण्याच्या काठावर आहे, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्यावे. जलाशयाची पातळी स्थिर नसते. २४५.५ मीटर ही पूर्ण संचय पातळी धरून कोणी पक्का उतार बांधला तर तो ऑक्टोबरात उत्तम दिसेल आणि एप्रिलमध्ये त्याच्या टोकाशी चिखल असेल. तरंगती जेट्टी केली आणि तिला किनाऱ्याशी बिजागरीच्या पुलाने जोडले, तर पाणी उतरेल तसा पूल तिरपा होत जातो. चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ हा उतार मान्य आहे, म्हणजे एक मीटर खाली जायला बारा मीटर लांबी हवी. पाणी तीन मीटरने उतरले की छत्तीस मीटरचा पूल लागेल, आणि तेवढा कोणी देणार नाही. यावर उपाय आहेत. किनाऱ्याच्या मंद उताराची जागा निवडून जेट्टी पाण्याबरोबर पुढे सरकवता येते, किंवा तिचे दोन टप्पे करता येतात. पण हे सगळे जागा निवडतानाच ठरवावे लागते. मोटारबोटींना खोल पाणी आणि उभा काठ सोयीचा, आम्हाला मंद काठ सोयीचा; ही निवड अभियंत्यांनी एकट्याने करू नये. जागा पाहताना पाण्याखाली उभी राहिलेली जुनी झाडे आणि वाऱ्याबरोबर काठाशी गोळा होणारी जलपर्णी यांचीही नोंद व्हावी, कारण पोटाखाली पाते असलेल्या बोटीला दोन्ही नडतात.

जेट्टीवर पोहोचल्यानंतर खुर्चीतून बोटीत कसे जायचे, हा दुसरा भाग. ज्यांच्या दंडात बळ आहे ते एका गुळगुळीत फळीवरून सरकत जातात; जेट्टीची उंची आणि बोटीचा काठ जवळपास सारखे असले की पुरते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी परदेशात हाताने फिरवायची छोटी क्रेन आणि कापडी झोळी वापरतात. हे ऐकून महागडे यंत्र डोळ्यांसमोर आणू नये. विहिरीतली मोटर वर काढायला आपण जी घोडी आणि चेनपुली वापरतो तिचेच ते सुधारलेले रूप आहे, आणि ती चालवणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. फक्त माणसाला झोळीत घेताना मोटर काढल्यासारखे घेऊ नये, एवढे शिकवावे लागेल. दोघांनी काखेत आणि ढोपरात धरून उचलण्याची आपल्याकडची पद्धत मात्र बंद व्हावी. तिच्यात उचलणाऱ्याची पाठ जाते आणि उचलल्या जाणाऱ्याची अब्रू.

जेट्टीच्या पन्नास पावलांत रुंद दाराचे शौचालय हवे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला याच्याशिवाय तीन तास घराबाहेर काढणे शक्य नसते, आणि अपंग मुली अशा ठिकाणी का येत नाहीत याचे कारण शोधायला समिती नेमण्याची गरज नाही. येण्याचा प्रश्नही तसाच आहे. एस. टी.च्या तिकिटात आम्हाला ७५ टक्के सवलत आहे, एस. टी.च्या पायरीत नाही. सरावाच्या दिवशी पवनी आणि भंडाऱ्याहून उताराची फळी असलेले एक वाहन सुटले तरी निम्मी मुले येतील.

हंगामाबद्दल एक सूचना. ऑक्टोबरात तलाव भरलेले असतात, पण तेव्हा धान कापणीला येतो, आणि कापणी, बांधणी, चुरणे आटोपेपर्यंत घरात कोणाला उसंत नसते. ज्याला कोणीतरी आणून सोडायचे असते तो अर्थातच घरी राहतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. त्या दिवसांत आमच्याकडचा वारा बहुधा मंद असतो; शर्यत पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल, शिकणाऱ्याला बरे. उन्हाळी शिबिर मात्र कृपया भरवू नये. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला त्या जागेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि विदर्भाच्या मे महिन्यात ही जिवावरची गोष्ट आहे. ज्यांच्या मांड्यांना संवेदना नाही त्यांना उन्हात तापलेल्या फायबरने भाजलेलेही कळत नाही. बसायला गादी आणि उतरल्यावर कातडीची तपासणी हा शिस्तीचा भाग असावा. सिकलसेलचा विचारही इथे व्हायला हवा. आपल्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे आणि २०१६ च्या कायद्यात मान्य केलेल्या २१ अपंगत्वांमध्ये तो आहे. या मुलांना थंड पाण्यात भिजणे, तहान मारणे आणि दमछाक या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. कोरडे कपडे, पिण्याचे पाणी आणि लहान फेऱ्या एवढी खबरदारी घेतली तर त्यांना दूर ठेवण्याचे कारण उरत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली आम्हाला काठावर ठेवले जाते, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ आमच्याच वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या ६ महिला गेल्या. यांपैकी कोणी अपंग असल्यामुळे बुडाले नाही. नाव भरलेली होती, अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते, जवळ मदतीची बोट नव्हती. शिडाच्या शिस्तबद्ध केंद्रावर या गोष्टी पहिल्या दिवसापासून सक्तीच्या असतात, आणि त्या पाहून आमच्या घाटांवरच्या नावांतही जाकिटे आली तर हा खर्च आम्हा अपंगांच्या खात्यावर टाकला तरी माझी तक्रार नाही. आमच्यापुरते चार मुद्दे जादा आहेत. मान सावरू न शकणाऱ्याला चेहरा वर ठेवणारे जाकीट हवे. पाय नसलेल्या किंवा लुळे असलेल्या माणसाचे शरीर पाण्यात वेगळ्या तऱ्हेने तरंगते, म्हणून प्रत्येकाला आधी कमरेएवढ्या पाण्यात जाकिटासह तरंगवून पाहावे. पायांना आधारासाठी बांधलेले लोखंडी कॅलिपर जेट्टीवरच काढून ठेवावेत. आणि कोणालाही, पडू नये म्हणून का होईना, सहज न सुटणाऱ्या पट्ट्याने बोटीला बांधू नये.

हे शिकवणार कोण, याचे उत्तर काठावरच आहे. ढिवर समाजाची तरुण मुले हे पाणी आमच्यापैकी कोणाहीपेक्षा चांगले ओळखतात. वारा कधी फिरतो, कोणत्या भागात जुन्या गावाच्या भिंती आणि खोडे आहेत, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असते. त्यांना शीड नवे आहे, पण ते दोन महिन्यांत शिकता येईल. भोपाळला पाठवावे, नागपूरच्या अंबाझरीवर राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेचे छात्र सराव करतात त्यांच्या प्रशिक्षकांची मदत घ्यावी. मच्छीमार सहकारी संस्थांना मात्र आखणीच्या पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. शर्यतीचा मार्ग जाळ्यांवरून गेला तर भांडण होईल, आणि त्या भांडणात मी ढिवरांच्या बाजूने असेन. धरणाने त्यांचे जे गेले त्यावर पर्यटनाने आणखी भर घालू नये.

कायद्याचा उल्लेख शेवटी करतो, कारण तो आधी केला की चर्चा बंद होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ३० क्रीडा सुविधांची पुनर्रचना, त्यासाठी निधी आणि अपंगांच्या स्पर्धांचे आयोजन शासनावर सोपवते. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगीच देता येत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. ती बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपवली जाते. त्यातल्या थोड्या रकमेतून पाच-सहा बोटींची देखभाल सहज होईल. शिडाला डिझेल लागत नाही.

एक विनंती करून थांबतो. जेट्टीच्या जागेची पाहणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी मला कळवावे. माझी खुर्ची ६५ सेंटीमीटर रुंद आहे, खुर्चीसह माझे वजन ८१ किलो भरते आणि डाव्या हाताची पकड आता कमी झाली आहे. नकाशावरचा उतार चढता येतो की नाही, हे तपासायला एवढे साहित्य पुरेसे आहे. पवनीहून धरणापर्यंत येण्याची सोय मी स्वतः करीन. दुपारच्या आत पाहणी ठेवावी, कारण तीननंतर तिथे वारा उठतो, आणि तो कोणत्या बाजूने येतो हे मला आपल्याला प्रत्यक्ष दाखवायचे आहे. तेव्हा थोडे थांबण्याच्या तयारीने यावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक व गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त,
तालुका पवनी, जिल्हा भंडारा